टेस्टर अंकलची वही

बंद पडलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला की प्रत्येक माणूस नकळत पुन्हा एकदा पॉवरचं बटण दाबून पाहतो. टेस्टर अंकल तो हात वरच्या वर धरायचे. समोर वकील असो, शाळेतल्या बाई असोत की चर्चमधले फादर, मनगट धरून म्हणायचे, "सारखं सारखं उठवू नका त्याला." मग हात सोडून एक लांबट वही पुढे सरकवायचे आणि पेनाचं टोपण स्वतः काढून द्यायचे.

वहीच्या प्रत्येक पानावर लाल शाईने तीन रकाने आखलेले असत. काय झालं, केव्हा झालं, त्यानंतर तुम्ही काय केलंत. गिऱ्हाइकाने स्वतःच्या अक्षरात ते भरल्याशिवाय अंकल स्क्रूला हात लावत नसत. तिसरा रकाना सगळ्यात रुंद होता. "बिघाड एकदाच होतो, बाय," ते मला नंतर कधीतरी म्हणाले होते. "मशीन मरतं ते त्याच्यानंतर माणसं जे करतात त्याने."

त्यांचं खरं नाव मला पुष्कळ उशिरा कळलं. वालीवच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात ते पंचवीस वर्षं मेन्टेनन्सला होते. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असायचा, म्हणून तिथल्या कामगारांनी ठेवलेलं नाव गावात आलं आणि गावातून गिऱ्हाइकांत. दुकान असं नव्हतंच. वसई पश्चिमेच्या त्यांच्या गावात, घराच्या पुढच्या पडवीत एक टेबल, एक भिंगाचा दिवा आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. अंगणात क्रूस, त्याच्यापलीकडे केळीची वाडी. घरात ते बायकोशी, म्हणजे आमच्या आंटींशी, त्यांच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला निम्मंही कळत नसे. आमच्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एका शनिवारी सकाळी, पप्पांच्या स्कूटरवर मागे बसून, लॅपटॉप पोटाशी धरून. बोळिंजहून निर्मळमार्गे त्यांच्या गावापर्यंत पप्पा एकच वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत होते. "आपोआप कसा बंद पडतो? चांगला चालणारा लॅपटॉप आपोआप कसा बंद पडतो?" मी हेल्मेटच्या आत गप्प होते. गप्प बसणं मला चांगलं जमतं. शाळेत, कॉलेजात, नातेवाइकांत सगळीकडे मी ते करत आले आहे.

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. सोमवारी सकाळी दहाला परीक्षकांसमोर माझा प्रबंध मांडायचा होता. विषय होता वसईतली बावखलं, म्हणजे वाड्यांच्या मधली जुनी तळी, ज्यांच्या पाण्यावर इथली केळी आणि पानवेली वाढल्या. दोन वर्षं हिंडून मी अकरा बावखलं मोजली होती. काठ, उतार, पायऱ्या, कोणती झाडं, पाणी कुठून येतं. त्यांतली तीन तेवढ्या काळात भराव टाकून बुजवली गेली. ती पुन्हा मोजायची म्हटली तरी मोजायला काही उरलं नव्हतं. सगळी मापं आणि सगळी ड्रॉइंग्ज त्या एका लॅपटॉपमध्ये होती. बॅकअप दीड वर्षापूर्वीचा होता, हे लिहायला मला आजही लाज वाटते. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने सकाळीच सांगितलं होतं, "पूरा बोर्ड बदलना पडेगा. डेटा का भूल जाओ." लॅपटॉप पातळ, नव्या पद्धतीचा. त्यात डिस्क वेगळी निघत नाही, बोर्डावरच जडवलेली असते. बोर्ड गेला की सगळं गेलं.

आणि तो आपोआप बंद पडला नव्हता.

आदल्या संध्याकाळी पाण्याची वेळ होती. आई भरलेली कळशी घेऊन माझ्या टेबलामागून जात होती. तिचा पाय वायरीत अडकला. कळशी पडली नाही, पण हिंदकळली, आणि पेलाभर पाणी सरळ कीबोर्डवर आलं. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि काळी झाली. आईने पदराने पुसलं, मी हेअर ड्रायर आणला. मग आईला आठवलं, मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात. आमच्याकडे गावचा तांदूळ येतो, तो पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरताना किडे लागू नयेत म्हणून आई दरवर्षी बोरिक पावडर चोळते. त्या डब्यात तिने कोपरापर्यंत हात घालून खड्डा केला आणि माझी दोन वर्षं त्यात पुरली. वरून तांदूळ सारखा केला. झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली.

"पप्पांना पाणी म्हणू नकोस," ती म्हणाली. "बंद पडला म्हण."

मी हो म्हटलं. आईने एकदा ओला मिक्सर लावून जाळला होता, त्याला नऊ वर्षं झाली होती. घरी पाहुणे आले की ती गोष्ट अजून चहाबरोबर बाहेर यायची. पप्पा वाईट नाहीत. गोष्ट चांगली रंगवतात, सगळे हसतात. आई पण हसते आणि ट्रे घेऊन आत जाते.

टेस्टर अंकलनी माझं मनगट धरलं, सोडलं आणि वही पुढे केली. मी इंग्रजीत लिहायला लागले तर म्हणाले, "मराठीत लिही, बाय. इंग्लिशमध्ये लपायला जागा जास्त असते." माझं मराठी अक्षर चौथीतल्या मुलीसारखं आहे. पप्पा शेजारी उभे होते, त्यांना पान दिसत होतं. मी पहिल्या रकान्यात लिहिलं, 'काही झालं नाही. बंद पडला.' दुसऱ्यात, 'काल संध्याकाळी.' तिसऱ्यात, 'काही केलं नाही.'

अंकलनी चष्मा वर करून वाचलं. "पाणी, चहा, सरबत?"

"नाही."

"पडला? कोणी बसलं त्याच्यावर?"

"नाही."

"चार्जर लावून पाहिला?"

"नाही," मी म्हटलं. सकाळी तीनदा लावला होता. तिसऱ्यांदा दिवा क्षणभर लागून विझला होता.

"अहो, लॅपटॉप आणलाय," पप्पा हसून म्हणाले, पण ते हसणं मी ओळखते. "जबानी कसली घेताय?"

"जबानीच आहे, साहेब. बसा."

मग त्यांनी लॅपटॉप उलटा केला, दहा स्क्रू काढून ते एका जुन्या पाटीवर त्याच क्रमाने ठेवले, मागचं पत्र्याचं झाकण उचललं आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन उपसली. भिंगाचा दिवा ओढून दोन मिनिटं आत पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे काहीही हललं नाही. त्यांनी वही ओढून घेतली, कानावरची पेन्सिल काढून बारीक काहीतरी लिहिलं, वही मिटली. लॅपटॉपवर स्वच्छ फडकं टाकलं.

"वाडीत मोटर चालू आहे, बंद करून येतो," म्हणाले आणि उठून चालायला लागले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. पडवीतून ते केळींमध्ये दिसत होते. मोटरचा आवाज कुठेच येत नव्हता, आणि ते एका केळीची सुकी पानं कापत होते, सावकाश, एकेक. आंटींनी बशीत सुकेळी, उन्हात वाळवलेली गोड केळी, आणून ठेवली. मी एक उचलली, ती बोटांना चिकटली, तोंडात घालायचा धीर होईना. सोमवार सकाळ म्हणजे अठ्ठेचाळीस तासही नव्हते, आणि हा माणूस पानं कापत होता. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. ते मी खिडकीकडे बघून परतवलं.

"काय प्रकार आहे हा!" पप्पा उठले. "निदान करंट येतोय का ते तरी बघायचं. चार्जर दे इकडे."

"पप्पा, थांबा ना."

"अगं, चार्जर लावल्याने काय होतंय? पाणी थोडंच गेलंय आत?"

त्यांनी माझ्या बॅगेतून चार्जर काढला, टेबलाखालच्या स्विचबोर्डात लावला आणि बटण दाबलं. फडकं बाजूला केलं. दुसऱ्या टोकाची पिन हातात घेऊन ते लॅपटॉपच्या कडेला भोक शोधत होते. चष्मा खिशात होता, म्हणून सापडत नव्हतं. उघड्या बोर्डावर, पंख्याच्या जाळीपाशी, मला पांढरं काहीतरी दिसलं. बोरिक पावडर. तिच्यात रुतलेला एक तांदूळ.

"नको! पाणी गेलंय त्यात!"

माझा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. वाडीतला कुत्रा भुंकला. आंटी दारात आल्या. पप्पांचा हात जागच्या जागी राहिला.

"कधी?"

"काल."

"आणि मला आत्ता कळतंय?" त्यांनी पिन टेबलावर ठेवली. मग दुसरा प्रश्न आला, जो येणार हे मला माहीत होतं. "कोणी सांडलं?"

मला आईचा डब्यावर ठेवलेला हात दिसत होता.

टेस्टर अंकल पायऱ्या चढून आले. त्यांनी आधी चार्जरचं बटण बंद केलं, मग वायर गुंडाळली, मग पप्पांकडे पाहिलं.

"साहेब, तो कॉलम माझ्या वहीत नाही."

"म्हणजे?"

"काय झालं ते मशीनला लागतं. केव्हा, ते लागतं. नंतर काय केलं, ते तर लागतंच. कोणी केलं ते मशीनला काय करायचंय?" त्यांनी खुर्ची ओढली. "पूर्वी होता तो कॉलम. ठेवला तेव्हा सगळी वही खोटी भरायची. मुलगा सांगायचा मांजराने केलं, मालक सांगायचा नोकराने केलं. काढून टाकला तेव्हापासून लोक जरा खरं लिहितात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही, बाय. खालच्या ओळीत. वरचं खोडू नको."

मी लिहिलं. पेलाभर पाणी, कीबोर्डच्या उजव्या बाजूला. हेअर ड्रायर, दहा मिनिटं. तांदळाच्या डब्यात रात्रभर, तांदळाला बोरिक पावडर. सकाळी चार्जर, तीन वेळा, तिसऱ्यांदा दिवा लागून गेला. पप्पा माझ्या खांद्यावरून वाचत होते. तांदळाची ओळ त्यांनी पुटपुटत पुन्हा वाचली.

"तिसऱ्यांदा दिवा लागून गेला," अंकलनी मोठ्याने वाचलं. "बघ, हे वाक्य मला तासाभरापूर्वी हवं होतं. पाणी मला दिसलं होतं. तांदूळ पण दिसला. दिवा मला कसा दिसणार? म्हणजे काहीतरी शॉर्ट झालंय, पण अजून सगळं जळलेलं नाही."

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी बोर्ड बाहेर काढला. टूथब्रशने पावडर झाडली, मग स्पिरिटसारखा वास येणाऱ्या द्रवाने कोपरा न् कोपरा धुतला. वाळवला. मीटरच्या दोन सुया टेकवल्या. मीटर सलग वाजत राहिला. तो आवाज चांगला नाही हे कोणी सांगायची गरज नव्हती. ते सुया उचलून दुसरीकडे टेकवत, पुन्हा तोच आवाज. बोर्डावर तिळाएवढे शेकडो भाग. त्यांतला एक मेला होता आणि मरताना सगळ्यांचा करंट पिऊन टाकत होता.

"आता तुझे डोळे लागतील," ते म्हणाले. "माझे म्हातारे झाले. मी इथे थेंबभर करंट सोडतो, अगदी कमी. सगळीकडे स्पिरिट लावतो. जो भाग बिघडलाय तो गरम होणार. तिथलं स्पिरिट सगळ्यात आधी उडेल. एकदाच बघायला मिळतं. पापणी हलवू नको."

त्यांनी ब्रश फिरवला. बोर्ड ओला, चकचकीत झाला. मी भिंगात डोळा घातला. मागे पप्पा उभे होते, त्यांचा एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. दोन सेकंद काहीच झालं नाही. मग एका काळ्या चिपच्या शेजारी, सगळ्या ओल्यात, एक दाणा कोरडा झाला.

"इथे."

"नक्की?"

मला 'नक्की' हा शब्द आवडत नाही. मी तो सहसा उच्चारत नाही. "नक्की," मी म्हटलं.

त्यांनी तो दाणा गरम चिमट्याने उचलला. मीटर टेकवला. मीटर गप्प राहिला. अंकल मात्र हसले नाहीत. "ऐक. हा चालू झालाच तर किती वेळ चालेल सांगता येत नाही. पाच मिनिटं, पाच वर्षं. आधी काय काढायचं ते कागदावर लिहून ठेव. आणि हात धू, सुकेळीचे आहेत."

मी हात धुतले. मी कागदावर अकरा नावं लिहिली. बुजवलेल्या तीन बावखलांची नावं सगळ्यात वर. त्यांनी बॅटरीची पिन लावली, चार्जर लावला, आणि मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "दाब. आता तुझा हक्क."

मी दाबलं. काही झालं नाही. मी पुन्हा दाबायला बोट उचललं आणि त्यांनी मनगट धरलं. आम्ही तिघे तसेच थांबलो, माझा हात त्यांच्या हातात. मग पंखा फिरला. आधी अगदी हळू, घसा साफ केल्यासारखा.

फाइल्स उतरायला चाळीस मिनिटं लागली. हिरवी पट्टी पुढे सरकत होती. पहिल्या तीन फोल्डरांपैकी दुसरं उतरलं तेव्हा अंकलनी ते उघडायला सांगितलं. काठावर आंब्याचं झाड असलेलं एक ड्रॉइंग स्क्रीनवर आलं. ते बराच वेळ बघत राहिले. "इथे आम्ही पोहायला शिकलो," ते म्हणाले. "पायऱ्या सातच काढल्यास. आठवी पाण्याखाली असायची." मी आठवी तिथल्या तिथे काढली. सोमवारी परीक्षकांनी नेमकं त्याच ड्रॉइंगबद्दल विचारलं, आणि मी उत्तर दिलं, न अडखळता.

त्या दिवशी घरी आल्यावर पप्पा चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेले. आई ओट्यापाशी उभी होती. पप्पांनी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि परत लावलं. नीट, दाबून. "झाला चालू," ते म्हणाले. मिक्सरची गोष्ट त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. कोणी आठवण काढली तरी ते म्हणत, "जाऊ दे, जुनी झाली."

तो लॅपटॉप आणखी दोन वर्षं चालला. त्या दोन वर्षांत मी अंकलकडे पुष्कळदा गेले. ऑफिसमधल्या कोणाचा लॅपटॉप बंद पडला की मीच घेऊन जायचे. वही भरताना लोकांना बघणं मला आवडायचं. कोणी लिहायचं, 'चहा सांडला, नंतर फॅनखाली ठेवला, नंतर गॅसजवळ.' अंकल वाचून म्हणायचे, "गॅसवरच ठेवायचा होता, उकळी आली असती." एकदा एक गृहस्थ कडक आवाजात म्हणाले, "मी काहीही केलेलं नाही." अंकलनी मला डोळ्यांनी खूण केली आणि म्हणाले, "मी जरा मोटर बंद करून येतो."

त्या दिवशीही वाडीत मोटर चालू नव्हती. मला तेव्हा हसू आलं. आणि मग तो शनिवार आठवला, पण ते तेव्हाही मुद्दाम उठून गेले होते का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गेल्या वर्षी ते गेले. झोपेत, काही न सांडता. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी आईला घेऊन गेले. मिस्सा झाल्यावर घरी आंटींनी मला पडवीत बोलावलं. टेबल रिकामं होतं, खिशातला टेस्टर दिव्याच्या खाली ठेवला होता. त्यांनी ती वही माझ्या हातात दिली. "आमच्यात कोणी मशीनवालं नाय," त्या म्हणाल्या. "तुझं पान ते मला दाखवायचे. तूच ठेव."

घरी आल्यावर स्वयंपाकघरातच बसून मी ते पान काढलं. वर माझं वेडंवाकडं खोटं. खाली माझं खरं. आणि दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत पेन्सिलीने, बारीक अक्षरात, त्या दिवशी घाईत मी न वाचलेली एक ओळ. 'पाणी आहे, तांदूळ आहे. मुलगी घरातल्या कोणाला तरी सांभाळते आहे. थांबणे.'

आईने वही माझ्याकडून घेतली. तिने ती ओळ वाचली. मग रकान्यांवरून बोट फिरवत पान वरपासून खालपर्यंत वाचलं, पुन्हा वरपासून.

"माझं नाव नाही लिहिलंस?"

"तो रकानाच नाही, आई."

"मला वाटायचं, तिकडे सगळं लिहून दिलं असशील." तिने ओट्यावरची जागा पुसली. "पेन आहे?"

मी पर्समधून काढून दिलं. तिने वही ओट्यावर ठेवली, तिसऱ्या रकान्याच्या पलीकडे, जिथे कोरा समास होता तिथे पेन टेकवलं आणि सावकाश लिहिलं, 'कळशी माझ्या हातात होती.' खाली आपलं पूर्ण नाव घातलं, बँकेत घालते तसं. मग टोपण लावलं, डब्याचं झाकण काढलं आणि रात्रीच्या भाताचे दोन वाट्या तांदूळ घेऊन धुवायला उभी राहिली.